हक्कसोडीचा कागद

बाई, मी सही केली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला लांबण लावलेली खपायची नाही. एखादी पक्षकार लग्नापासूनची कहाणी सुरू करायची, तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "शेवट आदी सांग, माय. सुरुवातीले मंग लय वेळ हाये." तर शेवट हा असा. रविवारी माझा भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन अकोल्याला माझ्या घरी आला. बाबांच्या पाच एकरांतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं त्याच्या नावे सोडून देते आहे, असं टाइप केलेलं. सोबत वहिनी होती आणि वहिनीच्या हातात डबा होता. कागद आणि डबा एकदमच टेबलावर ठेवले गेले. तास-दीड तासानं ती दोघं परत गेली तेव्हा माझा हिस्सा माझ्याकडेच होता.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्या फोटोला हार घातला, तुमच्यावर भाषणं केली, नव्या पोरींना तुमच्या गोष्टी सांगितल्या. सगळं गोड गोड. खरं म्हणजे तुमच्याशी माझं एक भांडण राहून गेलं आहे आणि ते कुणाजवळ काढावं असं माणूस उरलेलं नाही. आज कोर्टाला सुट्टी आहे, दुपारची वेळ आहे, घरात कोणी नाही. बसले आहे लिहायला.

अमरावतीला राजापेठेत तुमचं ऑफिस म्हणजे खाली ट्युशन क्लास आणि वर तुम्ही. खालून पोरांचा घोकण्याचा आवाज यायचा आणि वर बाकावर नवऱ्यानं हाकललेल्या, सासऱ्यानं डांबलेल्या, भावानं फसवलेल्या बाया. मी नवी सनद घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले, तर तुम्ही मला कायद्यातलं काही विचारलंच नाही. विचारलं, "सैपाक येते का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, मी इथं स्वयंपाकाला आलेली नाही. तुम्ही हसल्या. "मले सैपाकीन नाई पायजे, पोरी. पर दुसऱ्याच्या चुलीपाशी बसता आलं पायजे. वकिली तथीच करा लागते." मला वाटलं, बाई जरा सरकलेली दिसते.

महिन्याभरात कळलं. त्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते तुम्हाला मी काय सांगू. कापूस घरात पडून असायचा आणि कोणत्या गावात कर्जापायी जीव दिलेल्या कुणाच्या दारापुढे माणसं जमली आहेत, हे एसटीतून उतरायच्या आधी कळायचं. मोठ्या गाड्या यायच्या, पुढारी यायचे, विधवेच्या डोक्यावर हात ठेवून फोटो निघायचा, धुरळा बसायच्या आत गाड्या पसार. तुम्ही त्या गर्दीत कधी गेला नाहीत. तुमचा हिशेब वेगळा होता. तेरवीच्या दिवशी सगळे सोयरे एका जागी असतात, तलाठ्याला निरोप गेलेला असतो, आणि जिचा नवरा गेला ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असते. कोणीतरी कागद आणतं, म्हणतं वारसाची नोंद करायची आहे, इथं कर. ती करते. त्या दिवशी तिच्यापुढे काहीही ठेवलं तरी ती करेल. महिना दोन महिन्यांनी डोकं ठिकाणावर आलं की कळतं, आपण आपला हिस्सा सोडून दिला.

म्हणून तेरवीच्या आधी पोचायचं, हा तुमचा नियम. दुसरा नियम, ओसरीवर थांबायचं नाही. माणसं काय बोलतील ते बोलोत, मागच्या दारानं थेट आत जायचं, बाया जे करत असतील त्याला हात लावायचा. डाळ निवडत असतील तर डाळ निवडायची, भांडी घासत असतील तर भांडी. आणि मग अगदी सहज, खाली बघत, "पोरी, सातबाऱ्यावर नाव कोनाचं हाये वं?" किती घरांतून शिव्या खाल्ल्या आपण. सुतकाच्या घरी वकील आणला म्हणून एका म्हातारीनं तुमच्या अंगावर राखेचं पाणी टाकलं होतं. आणि ओसरीवरून ठरलेलं एक वाक्य यायचं, प्रत्येक गावात तेच: "बाई, हा आमचा घरचा मामला हाये." तुम्ही लुगडं झटकून म्हणायच्या, "घरचाच हाये म्हून त आली. बाजारचा असता त पोलीस आले असते." तुम्ही बोलायला लागल्या की मला फार मजा यायची, हे कबूल करते.

पण भांडणाकडे येते. रिद्धपूरच्या अलीकडचं ते गाव तुम्हाला आठवत असेल. जीप वाटेत पंक्चर झाली आणि आपण पोचलो तो तेरवीचाच दिवस. शाळेपाशी तुमच्या एका जुन्या पक्षकार बाईनं तुम्हाला धरलं. तुम्ही मला म्हणालात, "तू होय पुढं. सरळ आत जाय. मी आलीच." मी पुढे गेले. मोठं घर, ओसरीवर सतरंजी, पंधरा-वीस माणसं. मेलेल्या माणसाचा मोठा भाऊ, त्या विधवा पोरीचा भासरा, उठून उभा राहिला. या मॅडम, बसा. खुर्ची दिली. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. ओसरीवर एकदम सगळे गप्प झाले. ती गप्पगार वेळ मी शाळेत असल्यापासून ओळखते, बाई. तुमच्या वाट्याला ती कधी आली नाही. आणि मग त्या भासऱ्यानं आत आवाज दिला, "मॅडमसाठी चहा आना." चहा आला. सगळ्यांच्या हातात होती तसलीच कपबशी, सोनेरी काठाची.

माझी आजी असल्याच घरांच्या शेतात कापूस वेचायची. प्यायला पाणी मागितलं तर पायरीखाली उभं राहून ओंजळ करायची. मी तसल्याच ओसरीवर, खुर्चीत बसून, वकिलीची बॅग मांडीवर घेऊन, त्यांच्या कपातला चहा पीत होते. त्यांनी शिक्षण विचारलं. कोणत्या कॉलेजात, किती टक्के, बाबा काय करतात. पुन्हा चहा विचारला, मी पुन्हा घेतला. अर्धा तास तरी गेला असेल. तेवढ्या वेळात भिंतीपलीकडे त्या चोवीस वर्षांच्या पोरीचा अंगठा स्टॅम्प पेपरवर उठवून झाला. तुम्ही मागच्या दारानं आत गेलात तेव्हा ती शाई पदराला पुसत बसली होती.

जीपपाशी आल्यावर विचारलंत, "चहा पेली?" मी हो म्हटलं. "कितीक कप?" दोन. "त्या दोन कपात तिचं वावर गेलं, पोरी." मी काही बोलणार तर तुम्ही हात वर केलात. "तुले वाटलं, मान देल्ला. मान नाई देल्ला, बसवून ठेवलं तुले. ढोरापुढं सरकीची ढेप टाकते ना मानूस, का हलू नये म्हून, तसं." जीपवाले चाचा पान थुंकायला म्हणून खाली उतरले ते बराच वेळ आलेच नाहीत. अमरावतीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत रडले आणि तुम्ही पेपर वाचत बसल्या.

त्या दिवशी मी ऐकून घेतलं. आज नाही घेणार. चूक माझी होती, मान्य. तिचं वावर माझ्यामुळे गेलं, ते माझ्या मानेवर आहे. पण ढेपेची गोष्ट तुम्ही बोलायची नव्हती. तुम्ही तसल्याच घरात जन्मल्या, तसल्याच ओसरीवर लहानपणी रांगल्या. तिथला चहा नाकारणं तुम्हाला सोपं होतं, तुमच्यासाठी तो रोजचा होता. माझ्या घराण्यात तो पहिला कप होता. तुम्ही मला कायदा शिकवला, उलटतपासणी शिकवली, जज्जाच्या डोळ्याला डोळा भिडवायला शिकवलं, पण ही एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती आणि तुम्ही कधी विचारलीही नाही. शिष्यिणीकडून शिकायला काय लाज होती?

आणि ती केस कशानं फिरली तेही जरा आठवा. तुम्ही तर कपाळाला हात लावला होता. मी एकटी एसटीनं त्या पोरीच्या माहेरी गेले, तिच्यापाशी चुलीपुढे बसले, आणि बोलता बोलता ती म्हणाली, "मॅडम, मले सही येते ना. सातवी पास हावो मी. पर त्याइनं माहा अंगठाच धरला, काय करू?" मी तशीच उठून शाळेत गेले आणि तिचा दाखला काढून आणला. बँकेच्या पासबुकावर सही, रेशनच्या फॉर्मवर सही, पोराच्या शाळेतही सही, आणि वावर सोडायच्या कागदावर तेवढा अंगठा. सासरच्यांना घाई एवढी की घरात आलेली सून शिकलेली आहे का, हे आठ वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं. सहा वर्षं लागली, तहसीलदारापासून दिवाणी कोर्टापर्यंत दाताच्या कण्या केल्या आपण. निकालाच्या दिवशी तुम्ही कोर्टाच्या पायरीवर माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तुमचं माफी मागणं तेवढंच असायचं, म्हणून मी ते तसं धरून घेतलं.

मग तुमचं राजकारण. जिल्हा परिषदेत निवडून आलात, सभापती झालात, सभापतीची गाडी मिळाली तर ती तेरव्यांच्या गावांना फिरवलीत. ग्रामसभेत वारसांची नावं बायांसमोर मोठ्यानं वाचायची, असा ठराव गावोगाव घ्यायला लावलात. तलाठी तुमचं नाव ऐकलं की रजेवर जायचे. पण तुम्हाला आमदार व्हायचं होतं. पक्षानं तोंडाला पानं पुसली तर तुम्ही अपक्ष उभ्या राहिल्या आणि चिन्ह मिळालं शिलाई मशीन. तुम्ही किती चिडल्या होत्या. "जन्मभर बायाइले म्हटलं मशीनीवरून उठा, अन् आता म्हनू का मशीनवर शिक्का मारा?" मी हसून हसून खाली बसले होते.

मोर्शीची सभा. तुमचा मुलूख, संत्र्याचा मोसम, बाजाराचा दिवस, माणूस माणसाला लागलेलं. तुम्ही बोलत होत्या, बहिणीचा वाटा, लेकीचा वाटा. मागून एक जण उठला. सभा उधळायला पाठवलेला असेल, असो, पण विचारलं ते नीट विचारलं. "बाई, तुमच्या बापाच्या बागीत तुमचा वाटा कुठी हाये?" मला वाटलं, आता बाई याला उभा सोलतात. मी हसतच तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणालात, "तो आमचा घरचा मामला हाये."

बाई, मी तिथं व्यासपीठावर तुमच्या शेजारी उभी होते. सतराशे साठ ओसऱ्यांवर ऐकलेलं ते वाक्य तुमच्या तोंडून ऐकलं. लोक हसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं कोणीतरी ओरडलं. पुढे बसलेल्या बाया मात्र हसल्या नाहीत, त्यांनी नुसत्या माना खाली घातल्या, आणि मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

सभेनंतर रसवंतीवर बसलो तेव्हा तुम्ही आपणहून सांगितलंत. "बाबाच्या तेरवीलेच केली. मी तवा वकील होती, समजलं? सनद घेऊन चार वर्षं झालते. भावानं कागद पुढं ठेवला, पेन देल्ला. मी मायकडं पाह्यलं. मायनं दुसरीकडं पाह्यलं. केली सही." मग तुम्ही रसाचा ग्लास खाली ठेवून म्हणालात, "तुह्याही घरी हा दिवस येईन. करून टाकजो. आपल्याले दुनियेसाठी भांडाचं हाये. घरीच भांडत बसली त मांगं कोन राह्यते? बाईमानसाले एक घर त पायजे पाठीशी."

हे ते भांडण. गेली अठरा वर्षं मी हे मनात घोळवते आहे. तुम्ही चुकलात, बाई. भीड भिकेची बहीण, हे पक्षकारांना दिवसातून दहादा कोण सांगायचं? पाठीशी घर पाहिजे म्हणून घरावरचा हक्क सोडायचा, हे कोणत्या कायद्यात बसतं? आणि राहिलं का घर पाठीशी? निवडणुकीत तुमचे भाऊ तुमच्या एका सभेला आले नाहीत. तुम्ही पडल्या त्या दिवशी एक फोन नाही. तीन वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा मात्र आले, आणि रिवाजाप्रमाणे माहेरचं पातळ आणलं तुमच्या अंगावर घालायला. पांढरं, बारीक काठाचं. राजापेठेतल्या बाया एकमेकींना म्हणत होत्या, बाईचं माहेर किती चांगलं, शेवटपर्यंत विसरलं नाही. मला इतका राग आला होता की मी तुमच्यासाठी धड रडलेही नाही. अख्खी बाग देऊन ते पातळ मिळालं होतं तुम्हाला.

आता रविवार. बाबा उन्हाळ्यात गेले. आमच्याकडे तेरवी नसते हे तुम्हाला ठाऊक आहे. पुण्यानुमोदन झालं, वंदना झाली, भावानं छान भाषण केलं की आम्ही कर्मकांड सोडलेली माणसं आहोत. तो शिक्षक आहे. वाईट माणूस नाही, बाई. वाईट असता तर सोपं गेलं असतं. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायची. बाबांचं दोन वर्षांचं आजारपण त्यानं आणि वहिनीनं काढलं, मी महिन्यातून दोनदा जाऊन फळं ठेवून यायची. म्हणजे त्याचीही बाजू आहे आणि ती मी त्याच्यापेक्षा चांगली मांडू शकते. आम्ही कर्मकांड सोडलं, तेरवी सोडली, पण हक्कसोड तेवढी धरून ठेवली.

"ताई, तुले काय कमी हाये?" तो म्हणाला. "बंगला हाये, वकिली हाये, जिल्हा परिषदेची मेंबर हायेस. ह्या पाच एकरात काय पडलं हाये? दोन वर्षं पाऊस नाई. मले नोकरी सांभाळून करा लागते." मी म्हटलं, काही पडलेलं नाही ना, मग माझं नाव राहिलं तर तुला काय जड होतं? तू पेर, तू काढ, तूच खा. मला दाणा नको. सातबाऱ्यावर नाव पाहिजे. तो म्हणाला, लोक म्हणतील बहिणीनं वाटा मागितला. म्हटलं, म्हणू दे, खरंच आहे. आणि मग मी म्हणाले, "तू आदी त्या भिंतीकडं पाठ करून बस." भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, त्याच्या घरीही आहे. "त्याइनं लेकीबाळीच्या हक्काच्या कायद्यासाठी मंत्रिपदावर पानी सोडलं. तू त्याइच्या जयंतीले शाळेत पोराइले हे शिकवते. अन् बहिनीकडं हा कागद घेऊन येते? लाज नाई वाटत तुले?" तो उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "दिवाळीले यायचं काम नाई मंग." मी म्हटलं, येणार आहे. माझ्या बापाचं घर आहे, मी मागच्या नाही, पुढच्या दारानं येणार आहे.

सोमवारी सकाळी मी तलाठ्याकडे वारस म्हणून माझ्या नावाचा अर्ज दिला. माझ्या हातानं लिहिला. परवा महिलांच्या मेळाव्यात हे सगळं जाहीर सांगितलं, भावासकट, फोटोसकट. टाळ्या पडल्या. दोन जणी मागाहून येऊन म्हणाल्या, आम्हीपण अर्ज देतो. आणि आता तुमच्यापुढे ताठ मानेनं बसून लिहिते आहे की तुम्ही जे केलं नाही ते मी केलं.

इथं पत्र संपवायचं होतं. पण तुम्ही उलटतपासणीत एक गोष्ट नेहमी करायच्या. साक्षीदार फार छान बोलला की विचारायच्या, यातलं आधी काय झालं आणि नंतर काय, ते सांगा. तर सांगते.

फोटोचं मी बोलले, खरं आहे. सगळं बोलले. पण नंतर बोलले. दिवाळीला यायचं काम नाही, हे तो जाताना नाही, आधीच म्हणाला होता. वाटा नको म्हण नाहीतर येऊ नको, असं सरळ. आणि ते ऐकल्यावर मी, सभेत बोलणारी, तुमची शिष्यीण, टेबलावरच्या त्या कागदाकडे बघत राहिले. मला आई आठवली, बाबांची खाट आठवली, आणि तुमचं ते बाईमानसाले एक घर त पायजे, ते आठवलं. वाटलं, मरू दे, पाच एकराचं काय घेऊन बसायचं. बाई शहाणी होती, तिनं केली, आपणही करावी. मी कागद पुढे ओढला आणि पेन घेतलं. लिहायला लागले.

वहिनी तोवर खिडकीपाशी गप्प बसलेली होती. पंधरा वर्षांत तिनं माझ्यापुढे कधी आवाज काढलेला नाही. ती उठली, आली, आणि माझ्या हाताखालून कागद ओढून घेतला. "ताई, थांबा," म्हणाली. "मी केली माह्या मायेरात. बारा वर्षं झाले. तवापासून भाऊ फोन नाई उचलत. सही केल्यानं मायेर राह्यते असं कोन सांगलं तुमाले?" भाऊ ओरडला तिच्यावर. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "माही पोरगी नववीत हाये. उद्या तिच्यापुढं कागद ठेवतीन अन् म्हनतीन, तुही आत्या वकील हाये, मेंबर हाये, तिनं केली, तू कोन लागून गेली? तवा मी काय सांगू तिले?" कागदाची घडी करून तिनं आपल्या पर्समध्ये ठेवली. तेव्हा कुठे मी फोटोचं ते सगळं बोलले.

ती त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून परत गेली. त्याच घरात. मी भांडून मोकळी झाले, ती मोकळी नाही. चार दिवस झाले, मी तिला फोन केलेला नाही. मेळाव्यात तिचं नाव घेतलं नाही. घरच्या सुनेला अडचण नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तुम्ही ओळखलं असेल. उद्या सकाळच्या गाडीनं जाते आहे, तिच्याकडे, भावाकडे नाही. तिच्या माहेरचा कागद बारा वर्षांपूर्वी कसा झाला, नोंदणी झाली की नुसता तलाठ्यापुढचा जबाब, तेही विचारायचं आहे. काही निघालं तर लढेन, तिची तयारी असेल तर. दिवाळीलाही जाणार आहे, दार उघडलं नाही तर अंगणात बसेन.

तुम्ही समोर असता तर मी पहिली ओळ सांगून तुमचा धपाटा घेतला असता आणि वहिनीबद्दल अवाक्षर काढलं नसतं. नसलेल्या माणसाला लिहायचं तर एवढं तरी खरं लिहावं. वहिनीनं कागद ओढला तेव्हा माझं नाव आणि बाबांचं नाव, एवढं लिहून झालं होतं, बाई.